ताटातल्या भाकरी आणि मस्कतची इंग्रजी

तीर्थस्वरूप झुंबरआत्तीस,

उचगावच्या दिशेला तोंड करून आदर्शचा मस्कतहून वाकून नमस्कार. (दिशा निसारभाईंनी दाखवली. ते मुरगूडचे, आमच्या कामगारांच्या मेसचे मोठे आचारी. नमाजाला ज्या बाजूला तोंड करतो त्याच्या पाठीमागं आपला जिल्हा, असं त्यांचं गणित हाय.) तुझा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? आबांचा खोकला बसला का? मी बरा हाय. फोनवर तू ‘जेवलास न्हवं?’ म्हणतीस आणि मी व्हय म्हणायच्या आत ठेवून देतीस, म्हणून हे कागदावर.

मुद्दा राजीच्या लग्नाचा. वैशाखात तिचं लगीन आणि नवऱ्याचा कान पिळायला सख्खा भाऊ एकटा मीच. पण मेसमध्ये वाढप्याला दोन वर्षांनी सुट्टी, म्हणजे माझी पाळी दिवाळीनंतर. स्टोअरकीपरला मात्र दर वर्षी सुट्टी मिळती. ती जागा रिकामी झाली आणि साहेबांनी सांगितलं, ज्याला इंग्रजीत रजिस्टर लिहिता येईल त्याला देतो. मी सातवीतनं पळालेला माणूस. तरीपण कागलच्या पावण्याचा कान डोळ्यांसमोर आला आणि मी नाव दिलं.

दर शुक्रवारी सकाळी स्टोअरमध्ये पोत्यांवर बसून शिकवणी. शिकवायला केरळचे एक सर, आवाज एकदम मऊ, कापसाच्या गादीवर बसून बोलल्यासारखा. ते सांगायचे आणि मी तांदळाच्या वासात कुठल्या कुठं जायचो. इंग्रजीत म्हणं काही वस्तू मोजता येतात, काही येत न्हाईत. अंडी येतात, पाणी येत न्हाय. कांदे येतात, तांदूळ येत न्हाय. शंभर पोती रचली तरी आतला तांदूळ एकवचनीच. मी पोत्याला टेकून विचार करायचो, असलं भारी कुणाला सुचलं असंल? लाखभर दाणे एका नावात गप बसलेत, आपल्या भावकीला एका घरात बसता येत न्हाय. दूध मोजायचं न्हाय, मोजायची ती किटली. मग गगनबावड्याचं धुकं आठवलं. आबांच्या मागं गाडीवर बसून गेलतो, पुढचा रस्ता दिसत नव्हता. ते धुकं कुठल्या किटलीत बसायचं? सरांना विचारलं, तर ते हसले आणि त्यांनी फळा पुसला.

आणि क्रियापदाचं ऐक. एकटा माणूस काम करत असला की इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटाला एक ‘एस’ चिकटतो. माणसं जमली की तो गळून पडतो. सर म्हणाले, नियम हाय, पाठ करा. मला तो लगेच कळला. एकट्याला ओझं जास्तच असतंय की. चौघं मिळून उचललं की हलकं होतंय. (माझ्या ‘मी’ला मात्र एस लागत न्हाय. का ते सरांनी सांगितलं न्हाय. बहुतेक आपलं ओझं आपल्याला दिसत नसंल.)

परीक्षा गेल्या सोमवारी झाली. पोती, खोकी, तेलाचे डबे, सगळं बरोबर लिहिलं. मग साहेब म्हणाले, आता दुपारच्या जेवणाला दारात उभा राहा आणि प्रत्येकाच्या ताटात खुबूस किती गेले ते लिही. खुबूस म्हणजे इथली गोल रोटी. ती रोज कमी पडती, म्हणून हिशेब पाहिजे.

पहिला आला तो बिहारचा वेल्डर, दाराएवढा. ताटात चळत. मी पेन टेकवलं आणि आत्ती, हात उठंना. तुला आठवतंय का, मी पहिलीत होतो, नवीन आकडे शिकलेलो, आणि पावणं जेवायला बसलेलं असताना त्यांच्या भाकरी मोठ्यानं मोजलेल्या. सहाव्या भाकरीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि उठले. तू मला परड्यात नेऊन असा चिमटा काढलास की अजून दंडाला जागा ठाऊक हाय. म्हणालीस, जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, अन्न अंगाला लागत न्हाय.

निसारभाई मागनं म्हणत होते, “मोज की लेका. मोजल्यानं कुणाचं पोट दुखतंय?” मी म्हणालो, “भाई, तुमच्यात मोजतात का?” ते डाळ ढवळाय लागले.

दीडशे माणसं गेली. मी प्रत्येकाच्या ताटावरनं नजर उचलून छताच्या पत्र्याकडं बघत होतो. शेवटी रजिस्टरात एकच ओळ लिहिली, की ब्रेड पुरेसा हाय. (इंग्रजीत ब्रेड तांदळासारखाच, मोजता येत न्हाय.) साहेबांनी वाचली, सरांना दाखवली. सर म्हणाले, वाक्यात एक चूक न्हाय. साहेब म्हणाले, इंग्रजीला दहापैकी नऊ, कामाला भोपळा. जागा दुसऱ्याला गेली. मला कायमचं वाढायला उभं केलंय. माणसं माझ्या रांगेत जास्त येतात.

तेव्हा आत्ती, शांत डोक्यानं बघ. वैशाखात मला सुट्टी न्हाय आणि त्याचं मूळ तुझ्या चिमट्यात हाय. घरात आबा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाईत.

तुझा,
आदर्श

ता. क. : मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा काढायला लाव. कागलकरांना सांग, कान पिळायला भाऊच नसला तर लगीन लागलं काय आणि न्हाय काय. एवढंच मागणं.

ता. क. दुसरा : (राजे, आत्तीला वाचून दाखवणारी तूच, म्हणून हे मनातल्या मनात वाच. मधनंच खोक.) तू फोनवर सांगितलंस तसंच लिहिलंय. नर्सिंगची शेवटची परीक्षा मे महिन्यात, आणि लगीन झाल्यावर कोण बसू देतंय, हे तुझं खरं हाय. आत्तीला वाटू दे की सगळं माझ्या सुट्टीपायी चाललंय. मी नापास झालो ते मात्र खोटं न्हाय, ते माझं मी झालो. तू पास हो. घरात एकानं तरी व्हायला पाहिजे.