बिघाडाचं कारण

सर्जेकोट, ता. मालवण
शनिवार, २० ऑगस्ट २००५
सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

यज्ञेशदादास किरणचा नमस्कार.

आत्ताच इंजिनाचा प्लग पुसून कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आणि हात दोनदा साबणाने धुऊन लिहायला बसलो. आईचा गुडघा बरा आहे. आबा बरे आहेत. तिकडे मिरकरवाडा बंदरावरून तुझा ट्रॉलर दर्यात गेला असेल. दोन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी हे पूर्ण वाच.

आपलं रशियन इंजिन काल चालू झालं.

नारळी पौर्णिमेला, सगळ्या वाडीसमोर, तिसऱ्या वेळी दोरी ओढल्यावर. इंजिनाचा दांडा आबांच्या हातात होता. जपानी इंजिनांच्या दोन होड्या आपल्या पुढे होत्या. किल्ल्याच्या टोकाशी त्या मागे पडल्या. किनाऱ्यावरच्या शिट्ट्या मला होडीत ऐकू येत होत्या.

आता क्रमाने लिहितो. तू गेल्यावर मी इंजिनावरची पितळी पट्टी चिंचेने घासली. अक्षरं रशियन निघाली. मासळीच्या टेम्पोतून गोव्यात मोरजीला जाऊन एका रशियन पाहुण्याकडून ती वाचून घेतली: यंत्रनिर्मिती मंत्रालय, कारखान्याचा नंबर, गाव, निरीक्षकाचा शिक्का १७. आपल्या शाळेचे गुरुदास गुरुजी ते बघून हसले.

"अरे, ह्यां मंत्रालय नुसत्या नावाक यंत्रांचां. कम्युनिस्टांच्या राज्यात तोफगोळे बनवी तां. आता राज्यच मोडलां. पत्र घेवक थंय आसा कोण?"

तरी त्यांनी मंत्रालयाला, जाम झालेल्या पिस्टनच्या जागी नवा मागणारं, इंग्रजीत पत्र लिहून दिलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मंत्रालय बंद, पण कोणीतरी आमचं पत्र कारखान्याच्या गावी पोहोचवलं होतं, आणि शिक्का १७ चा माणूस अजून तिथे राहतो. नाव पावेल. त्याची नात इंग्रजीत लिहिते. त्याने कळवलं की तीन शेडमध्ये तोफगोळे होत आणि चौथ्यात, मंत्रालयाच्या हुकमावरून, लोकांसाठी होड्यांची इंजिनं. निरीक्षक तेच, मोजमापाची कडक तऱ्हा तीच. आपल्या इंजिनाला बसेल असा एक पिस्टन त्याच्या घरी पेटीत होता. पण पुढे लिहिलं होतं:

"आमच्या मंत्रालयात बिघाडाचं कारण सहीनिशी लिहून दिल्याशिवाय गोदामातून खिळासुद्धा सुटत नसे. गोळा फुटला नाही, तर कोणाच्या हातून काय राहिलं ते लिहावं लागे. मंत्रालय गेलं, माझी सवय गेली नाही. तुमचं कारण कळवा."

दादा, मी आठ दिवस गुरुजींकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा आबांनी ठरवलेलं कारण त्यांना पाठ होतं: यज्ञेशने पेट्रोलात तेल कमी घातलं आणि तेलाचे पैसे खाल्ले. ते तेच लिहू लागले. मी म्हटलं, थांबा.

खरं कारण असं. इंजिन घरी आलं त्या संध्याकाळी पूजेचा नारळ मी इंजिनावरच फोडला. कार्बोरेटर साफ करायला म्हणून मीच उघडा ठेवला होता. पाणी आत गेलं. मी वरवर फडक्याने पुसलं आणि झाकण लावलं. आत ते वाळून चिकट झालं आणि पेट्रोलचं बारीक भोक अर्धं बुजलं. पेट्रोल कमी, म्हणजे त्यात मिसळलेलं तेलही कमी, आणि पिस्टन जाम झाला. तुझं मिश्रण बरोबर होतं. आबा तुला चोर म्हणत होते तेव्हा मी दाराआड होतो आणि मला नारळ आठवत होता.

कागदावर मी सही केली. तुझ्या आधी ते एका परक्या माणसाला सांगितलं, याची लाज वाटते.

दीड महिन्याने पिस्टन आला, रिंगांसकट, मेणकागदात. सोबत एक ओळ: "माझ्या एकतीस वर्षांत कारणांच्या यादीत नारळ नव्हता. आता आहे, क्रमांक ४४."

काल आबांनी इंजिनावर फोडायला नारळ उचलला. मी त्यांचं मनगट धरलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं.

आबांनी मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाले, "दोन वर्सां गप कित्याक ऱ्हवलंस?"

"भियालंय."

"तू भियालंस. आनि मी माज्या पोटच्या झिलाक चोर म्हटलंय."

शेजारच्या होडीवरून बाबली म्हणाला, "आबानु, नारळ खंय फोडतास तां ठरवा. भरती थांबाची नाय."

आबा गुडघाभर पाण्यात गेले, नारळ दर्याला दिला. इंजिनाला फक्त हळदकुंकू लावलं, तेही मी बोट दाखवलं तिथेच. मग मला म्हणाले, "ओढ दोरी."

परत आल्यावर ते होडीतच उभे राहिले आणि वाडीला ओरडून म्हणाले, "आयकलास मां सगळ्यांनी? ह्यां इंजिन माज्या यज्ञेशान बिघडवक नाय." दोनदा म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला होता, पण हसत होती.

रात्री आबांनी माझ्याकडून हिशोब लिहून घेतला, तो असा:

खर्च
रशियाला रजिस्टर पत्रे : रु. १३५
गोव्याला जाणे-येणे : रु. ९०
पार्सलचे कस्टम : रु. ४१०
पेट्रोल व तेल : रु. २६५
एकूण : रु. ९००. सर्व फेडले.

देणे
इंजिनाच्या नुकसानीपोटी यज्ञेशच्या वाट्यातून कापून घेतलेले : रु. ७,३५०.

मी मनिऑर्डरचा फॉर्म आणतो म्हटलं. आबा नको म्हणाले. पैसे त्यांच्या उशाखाली आहेत, आणि ते म्हणतात, तुझ्या हातात देणार.

तुझा अपराधी भाऊ,
किरण