बंधुराजांचं डोकं: आधी आणि नंतर

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. (‘शिर’ हा शब्द हल्ली आमच्या घरात जपून उच्चारावा लागतो, पण तुमच्या मानात कमी पडायला नको.) भाऊजींचा खोकला थांबला का? तुम्हाला झोप लागते ना? इकडे सगळे खुशाल, तुमचे बंधुराज सोडून. ते खुशालीच्याही पुढे गेलेत.

कोपऱ्यावरच्या केसांच्या दवाखान्याचे फोटो गेलं वर्षभर हेच काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘आधी’चा फोटो म्हणजे माणसाचे केस ओले करायचे, मान खाली घालायला लावायची आणि टाळूवर थेट दिवा सोडायचा. ‘नंतर’चा म्हणजे केस कोरडे, फुगवलेले, दिवा समोरून आणि मऊ. (मऊपणासाठी दिव्यापुढे जो पांढरा पंचा लावतात, तो माझ्या कपाटातून गेलेला आहे.) काहींचे दोन्ही फोटो यांनी एकाच दुपारी काढलेत, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. असा हा माणूस तिथे फोटो टांगायला गेला, भिंतीवरची रांग बघत उभा राहिला आणि भुलला. केसाने गळा कापतात हे ऐकून होते, पण स्वतःचा, स्वतःच्या हाताने, आणि तोही दुसऱ्याच्या केसाने? मी म्हटलं, अहो, हे तुम्हीच काढलेत ना? तर शांतपणे म्हणाले, “फोटो माझे आहेत, पण केस तर त्यांचेच आहेत ना.”

या उपचाराला पीआरपी म्हणतात. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं आणि वर आलेलं पिवळं पाणी सुईने टाळूत टोचायचं. यांच्या डोक्यात राग गेलेला पाहिला होता, हवा गेलेली पाहिली होती, रक्त पहिल्यांदाच. पहिल्या खेपेला नळीत रक्त दिसताच हे आडवे झाले, ते नर्सच्या अंगावर. (ती बिचारी तेव्हापासून यांना खुर्चीला पट्ट्याने बांधते.) मग तीन महिने रोज सकाळी भिंग घेऊन उशी तपासायची, किती गळले ते कॅलेंडरवर लिहायचं आणि आकडा वाढला की माझ्या स्वयंपाकाला दोष द्यायचा.

परवा यांनी स्वतःचा ‘नंतर’चा फोटो स्वतःच काढला. समोरून दिवा, पंचा, सगळं साग्रसंगीत. मग कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि हळूच म्हणाले, “फरक दिसतोय ना गं?” वन्सं, खरं सांगते, एरवी मी सोडलं नसतं, पण त्या आवाजापुढे मला हसवेना. दिसतोय, म्हटलं. आता तो फोटो दवाखान्याच्या दारात लागलाय आणि तो पाहून शेजारच्या शिंप्याने नाव नोंदवलंय. म्हणजे या पापात मीही वाटेकरी.

कळावे, लोभ आहेच, तो गळू देऊ नये.
तुमची भावजय

ता.क. पत्र मिळताच यांना कळवा की तुम्ही न्हाणीघरात घसरलात, आणि मला आठ दिवस तुमच्याकडे पाठवायला सांगा. कारण विचारू नका.

ता.क. दुसरा: बरं, सांगते. माझा भांग दोन वर्षांत बोटभर रुंद झालाय. काल हे लग्नाचे फोटो काढायला गेले असताना मी गुपचूप जाऊन टोचून घेऊन आले. यांना कळता कामा नये, इतके दिवस मी यांना काय काय बोलले आहे ते माझं मला माहीत. नर्स म्हणाली होती, कपाळावर थोडी सूज येईल. ‘थोडी’ म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. डोळे आलेत असं सांगून यांना चार हात लांब ठेवलंय. गुरुवारी दुपारी दार वाजेल. ओळख पटली नाही तरी आत घ्या.