आर. आय. पी. फॉर प्रेसिडेंट

१४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ.
मनिलाहून परत. अर्ज भरला. कालपासून मी, रेस्तितुतो इबान्येस पालोमारेस, राष्ट्राध्यक्षपदाचा अपक्ष उमेदवार. मोठी माणसं रोजनिशी ठेवतात म्हणून ही वही घेतली. कोणाला दाखवायची नाही. पुढे संग्रहालयाने मागितली तर बघू.
पात्रता: सुताराचा मुलगा. एका रंध्यावर शवपेट्यांचा धंदा सुरू केला. एकतीस वर्षांत इलोइलो प्रांतात नऊ शाखा. पेटी, गाडी, फुलं, मेणबत्त्या, सगळं आमच्याकडे. नऊ गावांतलं एक घर असं नाही जिथे मी आत जाऊन आलो नाही. बाकीचे उमेदवार हात हलवत रस्त्यावरून जातात.
प्रचार सांभाळायला दिंदो ठेवलाय. मनिलाचा आहे, तीन महापौर निवडून आणलेत. तो म्हणाला, मतपत्रिकेवर टोपणनाव छापता येतं, आणि आपल्या देशात मोठा नेता तीन अक्षरांनीच ओळखला जातो. मी म्हटलं, मग माझी तीन अक्षरं लिही. आर. आय. पी.
दिंदोने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, बॉस, नुसतं 'रेस्टी' छापू या का?
मी म्हटलं, ही तीन अक्षरं न ओळखणारा माणूस दाखव. इतरांना नाव घरोघरी पोचवायला जन्म जातो. माझं दगडावर कोरलेलं आहे.

१५ ऑक्टोबर.
पुरिताने विचारलं, या वयात हे कशाला? बायकोला देशसेवेचं सांगितलं. तिला पटलं नाही. वहीला खरं सांगायला हरकत नाही.
गेल्या वर्षी मारिबेलचं लग्न झालं. एकुलती एक मुलगी. जारोच्या चर्चमध्ये व्याह्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं, खांबामागे. आदराने 'मनोंग', म्हणजे दादा, लावून म्हणाले, मनोंग रेस्टी, तिथे वारा छान येतो. वारा छानच येत होता. मुलगी दिसत नव्हती. माझे कान तिखट. विहीणबाई कुजबुजत होत्या, फोटोत येणार नाही ना तो?
आता मारिबेलला दिवस गेलेत. गरोदर बाईने आमच्या धंद्याच्या आसपास फिरकू नये म्हणे, म्हणून ती घरी येत नाही. फेब्रुवारीत बाळ. मग बाप्तिस्मा. त्या दिवशी मला पहिल्या बाकावर बसायचंय, बाळ मांडीवर घेऊन.
राष्ट्राध्यक्षाला कोणी खांबामागे बसवत नाही.

२३ ऑक्टोबर.
रिटायर झालेल्या एका शिक्षिकेचा जागर. आठवडाभर मृताजवळ बसायचं, कॉफी, बिस्किटं, पत्ते, हे ठीक. पण निघणाऱ्याला दारापर्यंत सोडायला जायचं नाही, आणि निघणाऱ्याने थेट घरी जायचं नाही! वाटेत कुठेतरी थांबून काही खायचं, म्हणजे मरण अंगावरून झटकलं जातं, मागोमाग घरी येत नाही. याला म्हणतात पागपाग. शिकलेली माणसंही करतात. कोपऱ्यावरची मनांग लोलेंगची बेकरी यावरच चालते.
निश्चय: सत्तेवर आल्यावर या अंधश्रद्धेविरुद्ध मोहीम. मी स्वतः एकतीस वर्षं थेट घरी जातो. मला काय झालंय?

१ नोव्हेंबर, रविवार.
सर्व संतांचा दिवस. अख्खा प्रांत दफनभूमीत, डबे घेऊन. इतकी गर्दी कुठल्या उमेदवाराला मिळते? प्रत्येक थडग्यापाशी जाऊन हात मिळवला. जिथे जिथे गेलो, लोकांनी छातीवर क्रूस काढला. बिशपसाठीही इतके काढत नाहीत.

१८ डिसेंबर.
निवडणूक आयोगापुढे सुनावणी. उगाच गंमत म्हणून उभ्या राहणाऱ्यांना उपद्रवी ठरवून यादीतून काढतात. विचारलं, देशभर प्रचार करायला साधनं आहेत का? म्हटलं, चाळीस गाड्या, सगळ्या एसी, मागचं दार प्रशस्त. विचारलं, कार्यकर्त्यांना अशा दौऱ्यांचा अनुभव? म्हटलं, आजवर एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही.
यादीत राहिलो.

१९ जानेवारी.
दिंदोने पाहणी करून घेतली. ओळखणारे: शंभरात चौऱ्याण्णव. उमेदवारांतला नाचणारा, गाणारा सिनेनट बिबोय मोन्तेसाच्या बरोबरीला! मत देणार का, यावर बहुतेकांचं उत्तर 'एवढ्यात नको.'
म्हणजे मे महिन्यातल्या मतदानापर्यंत चालेल.

२५ जानेवारी.
दिंदो म्हणतो, नाव असून भागत नाही, करिश्मा हवा. म्हणजे काय रे? तर म्हणे, माणूस दिसला की लोकांना त्याच्याजवळ जावंसं वाटणं. बिबोयचे म्हाताऱ्या गाल ओढतात. बॉस, तुमचे कोणी ओढलेत?
आईने ओढले असतील. आठवत नाही.
निश्चय: (१) रोज आरशापुढे पंधरा मिनिटं हसणे. (२) माणूस भेटला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत न मोजणे. सवय आहे, समोर कोणी आला की मनात 'पाच फूट सहा, खांदे रुंद' असं येतं. दिंदोचं म्हणणं, ते तोंडावर दिसतं.

२६ जानेवारी.
हसून दाखवलं. पुरिता म्हणाली, नको रे. तू हसलास की वाटतं कुठेतरी साथ आलीय.

९ फेब्रुवारी, मंगळवार.
प्रचार सुरू! पहिली सभा आपल्याच चौकात. घोषणा मीच लिहिली: 'शेवटपर्यंत तुमच्यासोबत.' काळे कपडे घालू नका म्हणाला दिंदो, म्हणून नारिंगी शर्ट. केसही रंगवले. लोक आले, मागच्या बाजूला दाटीने उभे राहिले, पुढे तीन रांगा रिकाम्या. आदर. भाषणभर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. निघताना गाडीपर्यंत सोडायला कोणी आलं नाही. निरोप द्यायला जड जातं एकेकाला.
सगळी गर्दी तिथून लोलेंगच्या बेकरीत. एकही माणूस थेट घरी गेला नाही. माझं भाषण ऐकून भूक लागते, याची नोंद घ्यावी. रोजगारनिर्मिती.

२१ फेब्रुवारी.
मुलगा झाला! मारिबेलचा फोन. साडेतीन किलो. मी विचारलं, लांबी किती? ती म्हणाली, पापा, असं विचारू नका हो.
बाप्तिस्मा निवडणूक झाल्यावर, म्हणे. तोवर भेटायला यायची घाई करू नका, सासूबाईंना नाही आवडायचं. मी म्हटलं, अध्यक्ष म्हणूनच येतो.

४ मार्च.
सरकारी दवाखान्यात पुष्पगुच्छ घेऊन गेलो. पुरुष वॉर्डात शिरलो तर एक म्हातारा, नर्स म्हणाली दोन आठवडे उठला नव्हता, ताडकन उठला आणि सलाइनच्या स्टँडसकट चालत बाहेर गेला. समोरच्या खाटेशेजारी बसलेल्या बाईने नवऱ्याला हलवून सांगितलं, अहो डोळे उघडा, डोळे उघडा, तो आलाय!
दिंदोला म्हटलं, हा करिश्मा नाही तर काय? दिंदोने गाडीत बसल्यावर चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. भावुक झाला असावा.

१३ मार्च.
पाहणी: ओळखणारे सत्त्याण्णव. मत देणारे शंभरात अर्धा. अर्धा माणूस कसा मोजतात? दिंदो म्हणाला, तो म्हाताराच असेल, बॉस, पळाला तो.
आगाऊपणा वाढतोय त्याचा. पण दुसरा माणूस मिळत नाही.

१९ मार्च.
काळ्या गाड्या लोकांना उदास करतात, हे पटलं. चाळीसच्या चाळीस नारिंगी रंगवल्या, वर लाउडस्पीकर, गाणं नाचायच्या चालीवर. गल्लीत गाडी शिरली की आयांनी पोरं आत ओढली.

२२ मार्च.
आइसक्रीमवाला भांडायला आला. त्याचीही गाडी नारिंगी. म्हणे, चाळीस वर्षं घंटी वाजवतोय, पोरं धावत यायची. आता घंटी वाजली की दारं लागतात. मनोंग, तुम्ही माणसं नेता ती नेता, माझा धंदा का नेताय?
त्यात एका घराने आमची गाडी नाकारली. आईला या भोपळ्यात बसवून नेऊ? असं तोंडावर विचारलं. आता जिवंतही घाबरतात आणि मेलेलेही बसत नाहीत.

२५ मार्च, गुड फ्रायडे.
आज प्रचाराला बंदी. दिवसभर घरी. पुरिताने बाळाचा फोटो फोनवर दाखवला. कोणाच्या कोणाच्या मांड्यांवर बसून झालंय: व्याही, त्यांचा भाऊ, शेजारीण, शेजारणीचा पोपटवाला मेहुणा. त्या मेहुण्याला मी ओळखतो. पाच फूट चार. त्याने देशासाठी काय केलंय?

१० एप्रिल.
बिबोय आपल्या गावात आला. गर्दीत उभा राहून पाहिलं. काही बोलला नाही. नाचला, घाम पुसला, तो रुमाल फेकला, त्यासाठी बायका भांडल्या. मी मेलेल्यांचे चेहरे पुसत आलोय एकतीस वर्षं. कोणी रुमाल मागितला नाही.
उद्यापासून मीही नाचणार.

१२ एप्रिल.
नाचलो. पहिल्या कडव्याला कोणी हललं नाही. दुसऱ्याला मागून एका म्हाताऱ्याचा आवाज: बघायचं एवढंच राहिलं होतं. आता ने बाबा.
मग रुमाल फेकला. लोक बाजूला झाले. रुमाल जमिनीवर पडला. कुत्रं आलं, हुंगून गेलं.

१७ एप्रिल.
सभेनंतर वेष बदलून, म्हणजे टोपी घालून, बेकरीबाहेर उभा राहिलो. लोकमत प्रत्यक्ष ऐकावं. सभेतल्या दोघी बायका पाव घेत होत्या. एक म्हणाली, भूक नाही गं मला. दुसरी म्हणाली, भुकेचं काय, आधी झटकून घेऊ, मग घरी.
झटकून. म्हणजे मरगळ. माझ्या भाषणाने मरगळ झटकली जाते.
बेकरीशेजारी बिबोयच्या लोकांनी टेबल मांडलंय. माझ्या प्रत्येक सभेनंतर तिथे हातपंखे आणि टोप्या वाटतात. लोलेंगने मला ओळखलं. लाजून म्हणाली, मनोंग, तुमच्या सभा अजून वाढवा की. पण मला दुकानात घेतलं नाही. पाव दारातूनच दिला, लांब चिमट्याने.
मी गाडीत बसलो. पाव खाल्ला नाही. मरगळच म्हणत होत्या त्या. मरगळच.

७ मे, शनिवार. दुपार.
शेवटची सभा. कॉफी आणि बिस्किटं ठेवली. प्रचंड गर्दी! चार तास कोणी हललं नाही. माझं भाषण सुरू असताना लोकांनी टेबलं ओढली, पत्ते काढले. एका म्हातारीने स्टेजजवळ येऊन माझ्या मोठ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, डोळे पुसले, आणि पुरिताचा हात धरून म्हणाली, चांगला होता गं.
पुरिता म्हणाली, अहो आजी, तो बोलतोय अजून.
म्हातारीने वर पाहिलं. हो का, म्हणाली. मेणबत्ती मात्र विझवली नाही.
दिंदोला विचारलं, जिंकतोय ना आपण? दिंदो म्हणाला, बॉस, मी तीन महापौर निवडून आणले, ते तिघेही चोर होते. तुम्ही प्रामाणिक आहात. पण लोक मत चेहऱ्याला देतात आणि तुमच्या चेहऱ्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसतो. डोळे मिटलेला.
मी म्हटलं, हे तू ऑक्टोबरमध्ये का नाही सांगितलंस? म्हणाला, 'रेस्टी छापू या' म्हटलं होतं की.

९ मे, सोमवार.
मतदान. शाळेत दोनशे माणसांची रांग. मला पाहताच दुभंगली. मनोंग, तुम्ही पुढे व्हा, पुढे व्हा. सगळ्यात आधी मत दिलं. एवढा मान कुठल्या उमेदवाराला मिळाला नसेल.
हे लिहिलं आणि खोडावंसं वाटतंय. पण शाई पक्की आहे.

१० मे.
बिबोय निवडून आला. देशभरातला माझा आकडा पाहिला नाही. आपल्या गावातला पाहिला: सोळा. गावातल्या शाखेत कामाला बावीस माणसं आहेत.

११ मे.
गाड्या परत काळ्या करायला दिल्या. आइसक्रीमवाल्याने एक कोन पाठवला, पुरिताच्या हाती.

१५ मे, रविवार. सकाळी नऊ.
काल मारिबेलचा फोन. पापा, उद्या बाप्तिस्मा. पहिला बाक ठेवलाय तुमच्यासाठी. मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या बापाच्या मांडीवरूनच बाळ पाण्यापाशी जाईल. सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी, नाही बोलल्या तर नाही.
मग ती हळूच म्हणाली, फक्त एक कराल का? रागावू नका. सरळ चर्चला येऊ नका. वाटेत कुठेतरी थांबा. काहीतरी खा. मग या.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातून मी थेट माझ्या घरी आलो.
लोलेंगच्या बेकरीत बसून लिहितोय. आत, टेबलापाशी. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. पुरिता समोर आहे, घड्याळ बघतेय. एक पाव खाल्ला. पुरिता म्हणाली, झालं ना, चल. मी म्हटलं, थांब.
लोलेंगला म्हटलं, अजून एक दे. आणि तोही इथेच खाणार.