सुमय्या मॅडमचा फोन

७ जुलै
आले बाबा लातूरला एकदाची! नांदेडहून निघताना अम्मीनं डब्यात एवढे पराठे कोंबले, जणू लातुरात लोक उपाशीच झोपतात. नोकरी क्लासमध्ये हाय, पालकांना फोन करायची. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं इथं अन् आई-बाप खेड्यात. आठवड्याला एक फोन गेला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मी आधी गाई-म्हशींचं विचारते, मार्कांचं नंतर. क्लासचे मालक माणिकप्पा सर लई खूश. गोड बोलणं ही बी एक डिग्रीच हाय, म्हणाले.

१९ जुलै
सरांनी माझा आवाज मशीनला शिकवला. काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचून वाचून घसा बसला, पण गंमत आली. सरांनी पोरापोरींकडून बी वाक्यं वाचून घेतली. आता मशीनच माझ्या आवाजात फोन करून राहिलंय, म्हशीचं बी विचारतंय! मी सगळ्या पालकांना सांगून टाकलं, ते मशीन हाय म्हणून. कुणाला काही वाटलं न्हाई.

औशाकडचे शेषेराव, आमच्या क्लासमधल्या ऋतुजाचे वडील, ते तर खूशच झाले. ते लहान असताना त्यांचं गाव भूकंपात गेलं. त्यानंतर रोज कुणीतरी ओरडायचं, परत हलणार हाय, अन् सगळे पोरंबाळं घेऊन शेतात पळायचे. हलायचं काहीच न्हाई. तेव्हापासून माणसाच्या तोंडच्या वाईट बातमीवर ते विश्वास ठेवत न्हाईत. मशीन अफवा उठवत न्हाई, म्हणाले. मला हसू आलं.

२ ऑगस्ट
ऋतुजाला ताप. क्लासच्या होस्टेलवर पडून हाय, अंगावर लाल ठिपके. दवाखान्यात नेते म्हणलं, तर होस्टेल सांभाळणारी गंगम्मा दारात आडवी. बापाचा फोनवर होकार आल्याशिवाय पोरगी बाहेर सोडायची न्हाई, असा नियम. नियम बरोबरच हाय, पोरीच त्या. मी शेषेरावांना फोन लावला. ते म्हणाले, मशीननं आत्ताच सांगितलं, थोडी कणकण हाय, गोळी घेतली, भाकरी खाल्ली, टेस्ट बुडवू नका. खाल्ली कुठं? ताट तसंच पडलंय!

४ ऑगस्ट
सरांशी भांडले. पालकांना घाबरू द्यायचं न्हाई, एवढंच मशीनला शिकवलंय, म्हणाले. पोरगं घरी गेलं की परत येत न्हाई. चहा पीत बोलून राहिले, लाज न्हाई वाटत! बंद करा म्हणलं, तर म्हणे पालकच ओरडतील. खरं हाय ते, त्याचीच चीड येते.

शेषेरावांना परत फोन केला. मी रडले. तर ते मलाच समजावून राहिले. मॅडम, तुम्ही घाबरलाव, आमच्या गावचे लोक असेच पळायचे, म्हणाले. अँब्युलन्स बोलावली. गंगम्मानं बापाला विचारलं, बाप नको म्हणाला. गाडी दारातूनच परत.

५ ऑगस्ट
त्यांच्या गावाला गेले. दारात उभी राहून सांगितलं, पोरीच्या नाकातून रक्त येऊन राहिलंय – तेवढ्यात त्यांचा फोन वाजला – माझाच आवाज – म्हैस व्याली का विचारलं – मग म्हणाला, ऋतुजा पेपर सोडवून राहिलीय.

शेषेरावांनी कीव आल्यासारखं पाहिलं. पाणी दिलं. एसटीपर्यंत सोडायला आले. चांगला माणूस हाय. तेच वाईट.

६ ऑगस्ट
गंगम्माला ओढत ऋतुजाजवळ आणलं. पाहून ती बी घाबरली. होकारासाठी तिनंच बापाला फोन लावला, स्पीकरवर. वाटलं, आता तरी –

शेषेराव हसून राहिले. म्हणाले, आत्ताच ऋतुजाच बोलली की. खणखणीत. आईशी बी बोलली. दिवाळीला येते म्हणाली, लाडू करून ठेवा –

माझ्या हातात तिचा हात – गार – कधीचा गार – मी अन् गंगम्मा इथंच होतो – या अल्ला, तिनं तर कालपासून तोंडसुद्धा उघडलं न्हाई –

शेषेराव म्हणाले, थांबा मॅडम, परत तिचाच फोन येऊन –