क्लाइव्हदाजींनी कापलेलं गवत

अ‍ॅडलेड,
६ नोव्हेंबर १९८८

चि. कॉलिन यास बेरिलताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस, म्हणून मीच पुन्हा लिहायला बसले. इकडे मागच्या अंगणात नुसता राडा आहे. तुझे दाजी निवृत्त काय झाले, त्यांच्या डोक्यात टेनिस कोर्टानं घर केलं. तेही प्लास्टिकच्या गवताचं! माझी कपडे वाळत घालायची गोल दांडी उपटली, टोमॅटोचे वाफे गेले. लिंबाचं झाड तेवढं राखलं. रोज सकाळी त्याच्या आडोशाला उभं राहायची यांची जुनी सोय आहे ना, ती कशी मोडतील! झाडाला धक्का नको म्हणून सगळं कोर्ट पूर्व-पश्चिम फिरवलं. शेजारच्या पेट्रीडिसबाईंनी कुंपणावरून विचारलं, विमानं कधीपासून उतरणार म्हणून.

गेल्या नाताळात तू येतो म्हणाला होतास. तुझं ताट मांडलं होतं. तू येशील म्हणून मी टर्कीला कुणाला सुरी लावू दिली नाही. नंतर कळलं की तू पडदे ओढून डब्यातलं सूप प्यायलास. ग्वेन गेली, आणि बायकोच्या माघारी तू स्वतःला असं कोंडून घेतलंयस की मला तुझी धास्ती वाटते रे. या नाताळात तरी ये. आता तर घरात टेनिसही आहे. हे म्हणतात, त्याच्या मागे लागू नकोस, यायचं तेव्हा येईल. यांना काय, यांना कशाचं सोयरसुतक नाही.

नीट जेवत जा. पत्राचं उत्तर दिलंस तरी पुष्कळ.

तुझी,
बेरिलताई

*

नाराकूर्ट,
१५ नोव्हेंबर

ती. बेरिलताईस कॉलिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, तेव्हा तेवढं श्रेय घे. दाजींना सांग, इथल्या टेनिस क्लबच्या खऱ्या गवताच्या कोर्टांची मी जन्मभर पोटच्या पोरासारखी निगा राखली. माझ्या निरोपाचा केक संपतो न संपतो तोच कमिटीनं त्यातल्या एकावर हा हिरवा गालिचा पसरला! वर त्याची शिवण उसवली की मलाच हाक मारतात. आता सख्ख्या बहिणीच्या घरात तेच थेर? आणि पूर्व-पश्चिम? अगं, संध्याकाळी सर्व्हिस करणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन भसकन जाणार. कोर्ट उत्तर-दक्षिण असतं हे शेंबडं पोरही सांगेल.

नाताळाचं म्हणशील तर नाही जमणार. खोटं कशाला बोलू? ग्वेन शेजारी नसताना त्या टेबलाशी बसायचं, सगळ्यांनी माझ्याशी जपून बोलायचं, कसा आहेस म्हणून विचारायचं, ते माझ्यानं होत नाही. माझं ताट मांडू नकोस.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
कॉलिन

*

अ‍ॅडलेड,
४ डिसेंबर

चि. कॉलिन यास अ. उ. आ.

ताट मांडू नकोस असं तू लिहिलंस, ते वाचून मी भांडी घासता घासता रडले. यांनी पाहिलं, आणि नेहमीसारखे तोंडातून अक्षर न काढता बाहेर निघून गेले. असा हा माणूस.

कोर्ट पुरं झालं. वर वाळू पसरून ती झाडूनं पात्यांमध्ये भरली. मी चादरी नेटवर वाळत घालते, छान वाळतात. पण काल काय झालं ऐक. शनिवार होता, सगळ्या गल्लीत गवत कापायची मशीनं घरघरत होती. यांनी पुढच्या अंगणातलं गवत कापलं, मशीन घेऊन मागे गेले आणि प्लास्टिकचं गवत कापलं! अरे, आवाज असा आला की माझ्या हातातली किटली सुटली. बाहेर येऊन बघते तर टोकाच्या रेषेजवळ चादरीएवढा भाग पार भादरलेला आणि हे वाळूच्या धुरळ्यात उभे. विचारलं तर म्हणतात, सवयीनं हात गेला. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळले, कधी चुकले नाहीत, आणि आता हे! डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना, या काळजीनं मला झोप नाही.

कोर्ट लावणाऱ्यांना फोन केला. नाताळ तोंडावर आलाय, आता जानेवारी सरेपर्यंत कुणी हत्याराला हात लावणार नाही, तुला ठाऊकच आहे. नाताळला मुलं-नातवंडं येणार, सव्वीसला सगळी कोर्टावर खेळणार. तुला ठिगळ लावता येतं. हे म्हणाले, त्याला कशाला त्रास. पण मी विचारते. ये, काम कर, आणि हवं तर जेवणाआधी परत जा. मी एका शब्दानं आग्रह करणार नाही.

वाट बघतेय, हे मात्र लपवत नाही.

तुझी,
बेरिलताई

*

नाराकूर्ट,
८ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मशीननं कापलं? मशीननं?? कुणालाही त्या जागेला हात लावू देऊ नकोस, दाजींना तर मुळीच नाही. उरलेला गालिचा फेकला नसेल अशी आशा करतो. बावीसच्या गाडीनं येतो. कामापुरता येतोय. जेवणाचं मी काही कबूल केलेलं नाही.

घाईत आहे, समजून घे.

कॉलिन

*

नाराकूर्ट,
५ जानेवारी १९८९

ती. क्लाइव्हदाजींस कॉलिनचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. ताईनं फोडू नये म्हणून हे पत्र तुम्ही बोल्सचे चेंडू खेळायला जाता त्या क्लबच्या पत्त्यावर पाठवतोय.

दाजी, मी गुडघे टेकले आणि लगेच ओळखलं. सवयीनं गवत कापणारा माणूस फाटकापासून सुरुवात करतो. तुमचं फाटक या टोकाला, भादरलेला तुकडा त्या टोकाला, आणि मधलं एक पातं कापलेलं नाही! म्हणजे ते धूड तुम्ही उचलून तिकडे नेलंत, कमरेत उसण भरलेली असताना. शेडमध्ये गालिचाचा तुकडा बरोबर त्याच मापाचा, गोंदाचा डबा कोरा करकरीत. चुकून झालेल्या नुकसानीची एवढी जय्यत तयारी मी आजवर पाहिली नाही. तोंडावर विचारलं नाही, कारण मला रडू फुटलं असतं आणि तुम्ही लिंबामागे पळाला असता.

मी कापत होतो, चिकटवत होतो, आणि तुम्ही डोक्यावर उभे राहून एकामागून एक चुकीचे सल्ले देत होता. कसा आहेस म्हणून एकदाही विचारलं नाहीत. ग्वेन गेल्यापासून जो तो तेवढंच विचारतो, काम कुणी सांगत नाही. नाताळच्या दिवशी हातावरचा गोंद खरवडता खरवडता टेबलाशी कधी येऊन बसलो, कळलंही नाही. भाजलेले बटाटे दोनदा वाढून घेतले. ग्वेनची आठवण आली, तिचं नाव काढलं, आणि कुणी मान खाली घातली नाही. नातवंडांनी तर तिचे किस्से सांगून मला हसवून हसवून बेजार केलं.

प्लास्टिकपुढे मला गुडघे टेकायला लावलेत, ते मात्र जन्मात विसरणार नाही. ताईला काही कळू देत नाही, पण तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही एवढं तिला सांगून टाका, बिचारी डॉक्टर शोधतेय.

आणि पुढच्या नाताळाला काही कापू नका, काही मोडू नका. नुसतं ये म्हणा. मी येईन.

लोभ आहे तो असाच, न बोलता, असू द्या.

तुमचा,
कॉलिन