पाणथळीचा मानद मार्गदर्शक

सोमवार, ५ जानेवारी
गडब गावाजवळच्या खाडीकाठी पाणथळ उद्यान झाले आहे. त्यांना मानद मार्गदर्शक हवा. रोह्यात एकतीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला डावलून हे पद अन्य कोणास मिळेल, हे तर्काला धरून नाही. व्यवस्थापक हर्षद तर माझाच विद्यार्थी. रविवारी चाचणी-फेरी. वेळ मी ठरवली: सकाळी सात. पक्षी लवकर उठतात.

गुरुवार, ८ जानेवारी
टिपणे सिद्ध. अठरा पाने. चिखलाची व्याख्या, घटक, महत्त्व. पक्षी पान चौदापासून.
संकल्प: प्रत्यक्षात थोडक्यात बोलणे.

शनिवार, १० जानेवारी
उद्यानातल्या होडीवर काम करणारी मैना म्हणाली, गुरुजी, उद्या अष्टमी हाय, साताला पाणी भरलेलं असंल, बारानंतर या. तिथीवरून पक्षी! भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे मी तिला आकृती काढून पाऊण तास समजावले. ती व्हय व्हय म्हणत जाळे शिवत राहिली. पटले असावे.

रविवार, ११ जानेवारी, स. ७.१०
अकरा पर्यटक. पाणी काठाला टेकलेले. चिखल दिसत नसल्याने त्याचे वर्णन अधिक सविस्तर करावे लागले.

स. ९.३०
पेणच्या पूजाताईंनी विचारले, सर, पक्षी कुठं हायेत? पान चौदावर, असे सांगितले. त्या हसल्या. जिज्ञासू बाई.

दु. १२.४०
मैना बांधावरून निघाली. सगळे तिच्या मागे. उघड्या चिखलात शराटी, तुतारी, बगळे असे पक्षी, शेकड्यांनी. ती नुसते बोट दाखवी. चिखलाच्या घटकांविषयी अवाक्षर नाही! अभ्यासाचा अभाव.

मंगळवार, १३ जानेवारी
मार्गदर्शक मैना.
माझ्यासाठी मात्र हर्षदने स्वतंत्र पद निर्माण केले. भरतीच्या वेळी लोक कंटाळून परत जातात. त्यांना शेडमध्ये थोपवायचे. म्हणाला, सर, वर्गातून आम्हाला तरी कुठं सुटता यायचं? एवढी कृतज्ञता हल्ली दुर्मीळ.

रविवार, १८ जानेवारी, दु. ३.३०
पहिली तुकडी. सहा श्रोते. व्याख्या अर्ध्यावर असताना बाहेरून मैनाची हाक आली: चला, पाणी उतरलं! पाच जण धावले. सहावे गृहस्थ जागचे हलले नाहीत. त्यांची झोप मोडू नये म्हणून उरलेली व्याख्या हळू आवाजात पूर्ण केली.