ताडपत्रीखालची कलमं

आदरणीय मॅडम,

आमच्या बागकाम वर्गाला अनुदान मंजूर केल्याचं तुमचं पत्र मिळालं. आभाराचं पत्र कालच पाठवलं. हे मात्र पाठवायची माझी हिंमत नाही.

तुम्ही वर्ग बघायला आलात तेव्हा ज्या गुलाबांचं एवढं कौतुक केलंत, ती कलमं आमच्या वर्गातल्या बायकांनी बांधलेली नव्हती. मी ती आदल्या दिवशी नर्सरीतून आणली होती. बायकांची स्वतःची वेडीवाकडी, निम्मी वाळलेली कलमं मी शेडमागे ताडपत्रीखाली दडवली होती. "एकही मेलं नाही?" तुम्ही विचारलंत आणि मी खुशाल हसले. शेजारी उभ्या असलेल्या बायका माझी अब्रू राखायला गप्प राहिल्या.

तुमची गाडी गेल्यावर त्या शेडमागे गेल्या, ताडपत्री काढली आणि कलमांना पाणी घालायला लागल्या. मी सारवासारव करत होते, "अहो, हे सगळं तुमच्यासाठीच ना!"

त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी वर न बघता म्हणाल्या, "बाई, आमची लाज वाटत होती तर आधी सांगायचं. आम्हीपण इथे मागेच उभ्या राहिलो असतो."

तुम्ही जिची पाठ थोपटलीत ती,
बागकामाची बाई